आईचे ठरायचे कसे

आईला एखादी गोष्ट ठरवायची असली की ती प्रथम ओट्यापाशी जायची. डोंबिवलीतल्या आमच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी होती आणि ती डक्टमध्ये उघडत असे. डक्ट म्हणजे इमारतीच्या पोटात तळापासून गच्चीपर्यंत सोडलेली अरुंद मोकळी जागा. तिच्यात सांडपाण्याचे पाइप, कबुतरे आणि समोरासमोरच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या. आमच्या समोरच्या खिडकीत काकू असायच्या. अंतर एवढेच की पडद्याच्या काठीला पिशवी अडकवून कढीपत्ता पलीकडे देता येई. काकू मूळच्या मालवणकडच्या, आईच्याच वयाच्या. सत्तावीस वर्षे त्या दोघी भाजी निवडताना एकमेकींसमोर उभ्या राहत आल्या होत्या.

आई एकच गोष्ट चार-पाच वेळा सांगायची आणि प्रत्येक वेळी निराळी सांगायची. जुना फ्रिज बिघडला तेव्हा पहिल्या दिवशी ती म्हणाली, मोठाच घ्यायला हवा. दुसऱ्या दिवशी म्हणाली, दोघींना कशाला एवढे धूड. तिसऱ्या दिवशी तिने जुन्याच फ्रिजची अशी काही बाजू घेतली की मला वाटले, हा विषय संपला. चौथ्या दिवशी ती नवे काहीच बोलली नाही; पण तिचा आवाज बदललेला होता, आणि त्याच संध्याकाळी ती पर्स घेऊन मला म्हणाली, "चल, दुकान बंद व्हायच्या आत." या चार दिवसांत काकूंनी एकही सल्ला दिला नव्हता. त्या "हं" म्हणत, "मग?" म्हणत, आणि मध्येच एखादी शेंग मोडून विचारत, "आणि नाही घेतला तर?" बाबा एमआयडीसीतल्या रसायनांच्या कारखान्यात होते. ते मी कॉलेजात असताना गेले. ते असतानाही आईचे निर्णय याच खिडकीत होत, आणि बाबा हसून त्याला सर्वपक्षीय बैठक म्हणत.

मी नेमकी उलट. मी विचार करते तो एकटीने, वहीत लिहून, आणि निष्कर्ष हाती आल्याखेरीज त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करायचे, औषधकंपनीत नोकरी धरायची, तिशीच्या आत विभागप्रमुख व्हायचे, हे सारे मी असेच ठरवले. घोडबंदर रोडला, ऑफिसपासून पंधरा मिनिटांवर, घर भाड्याने घेतले तेही असेच.

"कधी ठरवलंस?" आईने विचारले.

"दोन महिने झाले."

"आणि मला आज सांगतेस?"

"अगं, तेव्हा नक्की नव्हतं."

"मग तेव्हाच सांगायचं ना! नक्की झाल्यावर काय सांगायचं? नक्की झाल्यावर पेढे वाटायचे फक्त."

दुसऱ्या दिवशी मी चहा टाकायला ओट्याशी गेले, तर समोरून काकूंचा आवाज आला, "काय गो, घोडबंदरला चाललीस म्हणे? त्या ट्रॅफिकातच म्हातारी होशील." मी खिडकी लावून घेतली आणि आईला सुनावले की घरातल्या गोष्टी डक्टमध्ये टाकत जाऊ नकोस.

त्यानंतर काही महिन्यांनी ऑफिसात व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवर एक प्रशिक्षण झाले. प्रश्नावली भरायची आणि शेवटी आपला प्रकार कळायचा: माणसांत रमणारे की एकट्याने राहणारे, तर्काने ठरवणारे की भावनेने. माझा प्रकार मला आधीच ठाऊक होता. परतताना गाडी मानपाड्याच्या कोंडीत अडकली, म्हणून मी तीच प्रश्नावली आईच्या वतीने भरून पाहिली. उत्तर आले: माणसांत रमणारी, भावनेने ठरवणारी. मला ते पूर्णपणे पटले, आणि माझी चूक तिथेच झाली. उत्तर बरोबर होते, मी त्याचा अर्थ चुकीचा लावला. मला वाटले, आईला माणसे आवडतात, जसे कुणाला गोड आवडते. गोड पथ्यात बंद करता येते.

पथ्याची वेळ पुढच्याच वर्षी आली. आईला अंडाशयाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी सुरू झाली आणि दुसऱ्या डोसनंतर तिच्या पांढऱ्या पेशी इतक्या खाली गेल्या की साध्या तापाने ती आठ दिवस इस्पितळात राहिली. घरी सोडताना ठाण्याच्या डॉक्टरांनी बजावले की जंतुसंसर्ग टाळा, माणसांची ये-जा कमी ठेवा. मी बिनपगारी रजा घेतली. ज्या पदासाठी चार वर्षे धावले होते ते माझ्या हाताखालच्या सहकाऱ्याकडे गेले, आणि मी बॅग घेऊन डोंबिवलीला परत आले.

माझे काम इंजेक्शने भरण्याच्या निर्जंतुक खोल्यांशी निगडित आहे. तिथे पहिल्याच दिवशी शिकवले जाते की खोलीतली सर्वांत मोठी घाण म्हणजे माणूस. तो श्वास घेतो, बोलतो, केस झटकतो, आणि प्रत्येक कृतीबरोबर हवेत काहीतरी सोडतो. मी आमचे घर त्या नियमाने चालवू लागले. चपला बाहेर, कपडे वेगळे, भाज्या तीन पाण्यांतून. दारावर कागद चिकटवला: 'आईची प्रकृती नाजूक आहे. कृपया आत येऊ नये, फोन करावा.' आमचे दार पूर्वी दिवसभर उघडे असायचे आणि येणारा बेल वाजवत नसे. आता माणसे दाराशी डबा ठेवून कागद वाचून परत जात.

"कोण आलेलं?" आई आतून विचारायची.

"कुरियर."

"कुरियरवाल्याच्या बांगड्या वाजल्या गं."

ती हसायची. "मलाच पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेव एकदा. तुझी काळजी मिटेल."

डक्टची खिडकी तेवढी मी सोडली होती. सहा-सात फुटांचे अंतर होते आणि मास्क लावायला आई तयार होती. तरीही खात्री असावी म्हणून मी जूनच्या मध्यावर एका सहकारिणीकडून बुरशी मोजायच्या काही प्लेट मागवल्या. ओट्यावर चार तास उघड्या ठेवल्या आणि मग झाकून कपाटात ठेवून दिल्या. बुरशी वाढायला पाच दिवस लागतात.

त्या पाच दिवसांच्या मध्येच डॉक्टरांनी बोलावले. स्कॅनमध्ये दिसत होते की उपचार चालू असूनही गाठी वाढत आहेत. त्यांनी दोन वाटा मांडल्या. एक औषध अजून शिल्लक होते. त्याचा त्रास जास्त, लागू पडण्याची शक्यता कमी, पण शून्य नव्हे. किंवा उपचार थांबवायचे, वेदना ताब्यात ठेवायच्या आणि जे काही महिने मिळतील ते घरी, आपल्या माणसांत घालवायचे. "घाई नाही," ते म्हणाले, "पुढच्या सोमवारी सांगा. पण उत्तर मला पेशंटकडून हवंय." हे शेवटचे वाक्य त्यांनी माझ्याकडे पाहून उच्चारले.

शीळफाट्याच्या सिग्नलपर्यंत आई खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "डॉक्टर चांगला आहे. मलाच विचारलं त्याने."

त्या संध्याकाळी मी तक्ता केला. दोन रकाने, संभाव्य लाभ, त्रास, कालावधी, इस्पितळातले दिवस. आईने चष्मा लावून तो सावकाश वाचला. "छान केलंयस," ती म्हणाली, शाळेतल्या माझ्या प्रकल्पांना म्हणायची तशी, आणि कागदाची घडी पोह्यांच्या डब्याखाली सरकवली. मग मास्क लावून, गवारीच्या शेंगा घेऊन ती खिडकीशी गेली. मी बाहेरच्या खोलीत होते. मला सगळे ऐकू येत होते.

"औषध घेऊन टाकते," आई म्हणत होती. "ही एकटी पडेल गं. लग्नाचं नाव नाही, जेवायचं भान नाही. वर्षभर मिळालं तरी निदान एखादा माणूस बघेन हिच्यासाठी."

"हं," काकू म्हणाल्या. "आणि नाही मिळालं तर?"

"तर काय, तूच बघ हिच्यासाठी."

"मी? नको गो बाय. तो मुलगा जेवायला बसला तर ही त्याचे हात तपासेल."

दोघी कितीतरी वेळ हसत होत्या. आईला त्यातच खोकला आला, आणि मी उठून तिला पाणी नेऊन दिले.

दुसऱ्या दिवशी, तीच जागा, तीच वेळ.

"नको वाटतं गं सगळं. शीर सापडत नाही त्यांना, चार-चारदा टोचतात. तोंडाची चव गेली. त्यापेक्षा गणपतीला तुझ्याबरोबर गावी येते या खेपेला. समुद्र बघते."

"सत्तावीस वर्षं म्हणतेयस."

"या वेळी खरंच येते."

"मग?"

"मग काय. ही रागावेल."

"रागावू दे की."

"ही रागावत नाही गं, ही गप्प बसते. ते वाईट."

मी ते ऐकले आणि गप्प बसले. मनात मात्र एक गणित चालू होते. एकाच प्रश्नाची दोन दिवसांत दोन परस्परविरुद्ध उत्तरे. प्रयोगशाळेत दोन मोजमापांत इतकी तफावत आली की आम्ही नमुना बाद करतो. माझा निष्कर्ष असा झाला की आजाराने आणि भीतीने आईला सुसंगत विचार करता येत नाही, आणि बाहेरच्या माणसाशी बोलून ती अधिकच गोंधळते. फ्रिजचे चार दिवस तेव्हा मला आठवले नाहीत.

त्याच संध्याकाळी मी कपाटातल्या प्लेट काढल्या. त्या हिरव्या-काळ्या ठिपक्यांनी भरून गेल्या होत्या. कबुतरांची वाळलेली विष्ठा, दमट हवा, तळाशी साचलेला कचरा. जे अपेक्षित होते तेच उगवले होते. मी आईला दाखवले.

"अगं बाई! केवढं गाव वसलंय!"

"आई, हे तुझ्या फुप्फुसात वसेल."

"सत्तावीस वर्षं इथेच श्वास घेतेय मी."

"तेव्हा तुझ्या पांढऱ्या पेशी जागेवर होत्या."

हे खरे होते, आणि आजही खरे आहे. सकाळच्या रक्ताच्या अहवालात त्या पुन्हा खाली आल्या होत्या. माझ्या हाती पुरावा होता, आणि पुरावा हाती असला की मी थांबत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी फॅब्रिकेशनवाला आला आणि त्याने डक्टच्या खिडकीला अॅक्रिलिकचा पत्रा स्क्रूने बसवून कडा सिलिकॉनने बंद केल्या. पारदर्शक पत्रा त्याच्याकडे त्या दिवशी नव्हता, दुधी होता. मी म्हटले, चालेल. संध्याकाळी आई भाजीची परात घेऊन ओट्याशी गेली. पत्र्यापलीकडे काकूंच्या साडीचा निळा डाग हलत होता. त्याने पडद्याच्या काठीने पत्र्यावर दोनदा टकटक केले. आईने आतून एकदा केले.

"काकूंना फोन कर ना," मी म्हटले.

तिने केला. खुर्चीच्या कडेला बसून, सरकारी कचेरीत बसावे तशी. "हो. बरी आहे. हो, गोळ्या चालू आहेत. जेवले. ठेवते." फोन खाली ठेवून ती म्हणाली, "फोनवर बातम्या होतात. बोलणं नाही होत."

"मग माझ्याशी बोल. मी आहे की."

तिने प्रयत्न केला, हे मला सांगितले पाहिजे. शुक्रवारी दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो.

"समजा," आई म्हणाली, "मी नाही म्हटलं..."

"तर वेदनांसाठी तीन पर्याय आहेत. तक्त्यात लिहिलेत."

"तसं नाही गं. नुसतं समजा."

"समजा म्हणजे? तू नाही म्हणतेयस का?"

"तसं कुठे म्हटलं मी?"

"मग हो म्हणतेयस?"

तिने चार-पाच काड्या मोडल्या. "तुझ्याशी बोलायचं म्हणजे आधी ठरवून यावं लागतं," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या दुकानाची वेळ सांगावी तसे ते वाक्य होते. मी पुढचे उत्तर जुळवत होते, त्यामुळे ते वाक्य मला ऐकू आले पण कळले नाही. शनिवारी तिने विषय काढला नाही. रविवारी सकाळी, मी तिच्या गोळ्या डब्यांत भरत असताना, ती म्हणाली, "तूच ठरव. तुला कळतं त्यातलं."

त्या क्षणी मला काय वाटले ते लिहिणे अवघड आहे. मला हलके वाटले. थोडा अभिमानही वाटला. आयुष्यभर सगळ्या इमारतीला विचारणारी माझी आई अखेर माझ्या बुद्धीवर विसंबली, असे मी समजले. तासाभरात मी निर्णय घेतला. शक्यता शून्य नव्हती, म्हणून औषध.

सोमवारी डॉक्टरांनी आईला विचारले. "हिने ठरवलंय," ती म्हणाली, आणि लगेच सुधारले, "म्हणजे, आम्ही ठरवलंय." डॉक्टरांनी पेन हातात क्षणभर तसेच धरून ठेवले. मग संमतिपत्र तिच्यापुढे सरकवले.

औषधाचे दोन डोस झाले. दुसऱ्यानंतर तिच्या फुप्फुसांत पाणी भरले आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तिला ठाण्याला दाखल करावे लागले. मी एकट्याची खोली घेतली. संसर्गाचा धोका तिथे सर्वांत कमी. आठव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावले आणि म्हणाले की आता नियमांना अर्थ नाही, ज्यांना भेटायचे आहे त्यांना येऊ द्या. मी सर्वप्रथम काकूंना फोन केला.

काकू दुसऱ्या दिवशी दुपारी एकट्याच आल्या. त्यानंतर आई चारच दिवस होती. काकू आल्या तोवरच तिचे बोलणे थांबले होते. ऑक्सिजनच्या मास्कवर फक्त डोळे जागे होते, तेही अधूनमधून. काकू खुर्ची ओढून बसल्या. निवडायला काही नव्हते, म्हणून त्या चादरीची कड दुमडत राहिल्या आणि सांगत राहिल्या. लिफ्ट पुन्हा बंद पडली. तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेला जुळे झाले. पाणी सकाळचे अर्ध्या तासाने उशिरा येते. प्रत्येक बातमीनंतर त्या थांबत. किती थांबायचे हे त्यांना नेमके ठाऊक होते. आईला मान तिरकी करून काहीतरी उलटे बोलायला जेवढा वेळ लागे, तेवढाच. ती जागा रिकामी जाई. मग काकू पुढचे सांगत. मी दाराशी उभी राहून हे पाहत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या दोघींच्या बोलण्याची घडण दिसत होती, आणि त्यातले अर्धे बोलणे आता उरले नव्हते.

निघताना मी त्यांना खाली रिक्षापर्यंत सोडायला गेले. फाटकापाशी त्यांनी पर्स उघडली आणि पुन्हा बंद केली.

"गणपतीचं तिकीट मी दोघींचं काढून ठेवलेलं," त्या म्हणाल्या. "तिचं नक्की झालं नव्हतं, म्हणून काढून ठेवलं. औषध घ्यायचं ठरलं तर रद्द करायचं होतं. दोन दिवस बोललेलो ना आम्ही. एक दिवस हो म्हणालेली, एक दिवस नाही. मग तू पत्रा लावलास." हे त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या, पाणी उशिरा येते म्हणाल्या होत्या तसेच. "औषध तर घेतलं तिने, ते कळलं मला. पण तिचं स्वतःचं काय ठरलेलं गो शेवटी?"

माझ्याकडे उत्तर तयार नव्हते. मला जे ठाऊक होते ते सांगण्यावाचून गत्यंतर नव्हते.

"तिने नाही ठरवलं, काकू. मी ठरवलं."

रिक्षा येऊन थांबली होती. काकू आत चढल्या, पलीकडे सरकल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हात ठेवून म्हणाल्या, "ये. बस जरा. स्टेशनपर्यंत चल, मग परत ये."

"पाचला डॉक्टरांचा राउंड असतो," मी म्हटले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "बरं," म्हणाल्या, आणि रिक्षावाल्याला निघायला सांगितले.

मी वर आले. डॉक्टर त्या दिवशी सहाला आले. मधला सगळा वेळ मी काकूंनी ओढून ठेवलेल्या खुर्चीवर बसून होते. आईचे डोळे उघडे होते आणि माझ्याकडे लागलेले होते. तिला सांगण्यासारखे माझ्यापाशी पुष्कळ होते. पण त्यातले काहीच अजून नक्की झालेले नव्हते, म्हणून मी बोलले नाही.